साहेबांच्या तोंडावर नाटकाचं नाव

बैलांची शिंगं रंगवायच्या लाल रंगाचा डबा उघडला आणि त्या वासासरशी शाळेपुढचा फ्लेक्स आठवून डोकं फिरलं. गेल्या साली सुनेनं पहिल्यांदाच नाटक लिहिलं होतं, ‘थोरलीचा नांगर’. गावातल्या बायकाच काम करणार होत्या. बीडहून फ्लेक्स आला, तर त्यावर सगळी पुढाऱ्यांची तोंडं, सगळ्यांत मोठं साहेबांचं, आणि नाटकाचं नाव पार तळाला, मंडपवाल्याच्या जाहिरातीला चिकटलेलं. सून पाठ फिरवून घरात गेली. फ्लेक्स बांधणाऱ्या कार्यकर्त्याला मी विचारलं, “नाटकाचं नाव कुठंय रे?” “हाय की खाली, आज्जी. लोक साहेबांकडं बघून येत्यात.” “मग नाटकात नांगर साहेब धरणार हाय का?” पोळ्याचा उरलेला रंग आणला आणि साहेबांच्या तोंडावरून हातभर अक्षरांत नाव लिहिलं. नाटकाचं नाव अवतरणचिन्हांत लिहावं, असं चौथीत गुरुजींनी शिकवलं होतं. तीही ठळक दिली. तो ओरडला, “आज्जे, आता साहेब येत न्हाईत!” “नको येऊ दे. बायका येतील.” आल्याही, बसायला जागा उरली नाही. औंदा सुनेचं दुसरं नाटक आहे, आणि फ्लेक्स पुन्हा तसाच आलाय. पोळा कधीच होऊन गेला. हा डबा मी बैलांसाठी उघडलेला नाही.