काट्यावर बसलेली बाई

जाहिदाबाई तांबोळी जाड होत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वाडीत त्यांच्याबद्दल दुसरं काही सांगायच्या आधी सगळे हेच सांगत. 'अंगानं भरलेल्या' वगैरे गोडगोड शब्द मला वापरायचे नाहीत. त्या चांगल्या जाड होत्या, लहानपणापासून होत्या, त्यांची आई आणि मावशीही तशाच होत्या. भोरच्या स्टँडवर त्या गाडीत चढायला लागल्या की कंडक्टर विचारायचा, दोन सीटांचं तिकीट फाडू का? सगळी गाडी हसायची. मीही हसायचो. कुठं हसू नये हे मास्तर माणसाला कळायला हवं, पण मला कळायला फार वर्षं लागली.

मी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एका वाडीत शिक्षक होतो. एकशिक्षकी शाळा, एक खोली, एक पडवी. त्या पडवीत चौऱ्याण्णव साली अंगणवाडी सुरू झाली. वाडीत तेव्हा दहावी झालेली एकही बाई नव्हती, म्हणून भोरच्या जाहिदाबाईंना नेमलं. नवरा रफीक, त्याचं भोरला सायकलदुरुस्तीचं दुकान. घरात म्हातारी सासू. मीही भोरलाच राहायचो. सकाळची एसटी आम्हा दोघांना हिर्डोशीला सोडायची आणि पुढे तासाभराची चढण. बाई धापा टाकत, दगडावर टेकत, पदरानं तोंड पुसत चढायच्या. महिनाभरसुद्धा टिकायच्या नाहीत, अशी मी मनातल्या मनात पैज लावली होती. त्या बारा वर्षं टिकल्या.

दुपारी सुकडी, म्हणजे अंगणवाडीचा सरकारी खाऊ, खाऊन झाली की पोरं पेंगायला लागायची. जाहिदाबाई भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसायच्या आणि पोरं त्यांच्या अंगावर येऊन पडायची. एक मांडीवर, एक पोटावर डोकं टेकून, दोघं-तिघं कुशीला. घरी आया शेतावर नाहीतर रानात, पोरांना असं लोळायला मिळणार कुठं? मी खोलीत बेरजा शिकवायचो आणि माझ्या पहिलीतल्या पोरांचं लक्ष पडवीकडे असायचं, कारण वर्षापूर्वी ती जागा त्यांची होती. तासभर बाई हलायच्या नाहीत. पायाला मुंग्या आल्या तरी नाही.

एकदा उतरताना मी त्यांना विचारलं, घरी सासू आजारी, इथं ही तंगडतोड, कशासाठी करता एवढं? मानधन तर नावालाच होतं. त्या थांबल्या. थांबायला त्यांना कारण लागायचं नाही म्हणा.

"घरी म्या कुनाची बायकू, कुनाची सून," त्या म्हणाल्या. "रस्त्यानं जाताना निस्ती जाडी. हितं पोरं माज्यावर झोपत्यात, गुरुजी. ह्या अंगाचा येवढाच एक उपेग मला घावलाय. मला दुसरं काय नगं."

मला हे ऐकून हेवा वाटला. वीस वर्षं नोकरी करून मला माझ्या कामाबद्दल असं एक वाक्य बोलता आलं नसतं.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात वाडीतली पोरं आजारली. पाणी गढूळ, घरातलं भात संपलेलं, जुलाब सुरू. दर महिन्याला पडवीच्या वाशाला काटा टांगून, झोळीत बसवून पोरांची वजनं व्हायची आणि वजनावरून श्रेणी ठरायची. चौथी श्रेणी म्हणजे पोर हाताबाहेर चाललं. वाडीतला वडीलधारा गेनबा, त्याची नात वैष्णवी तेव्हा दोन वर्षांची होती, ती चौथ्या श्रेणीत गेली. जाहिदाबाईंनीच तिला इरल्याखाली पोटाशी धरून खाली हिर्डोशीपर्यंत नेलं आणि तिथून भोरला दवाखान्यात. पोर वाचली. पण वाडीत बोलणं सुरू झालं होतं, आणि ते वैष्णवीच्या आईनंच, रतननंच सुरू केलं. तिचाही दोष किती म्हणावा? पोर डोळ्यांदेखत वाळलेली, आणि तिला सुकडी देणारी बाई अशी. बाई रोज एवढा डोंगर चढते तरी तिचं अंग हलत नाही, मग ती खाते तरी काय, असं तिनं पाणवठ्यावर विचारलं. प्रश्नच पुरेसा होता.

खरं काय ते मला ठाऊक होतं. तीन वर्षांखालच्या पोरांची सुकडी घरी जायची आणि घरातली आठ तोंडं ती वाटून खायची. मदतनीस ठकुबाई रोज स्वतःच्या हातानं वाटप करायची, तिलाही ठाऊक होतं. पण ती गेनबाच्या भावकीतली. ती चुलीत फुंकर मारत राहिली.

गेनबाच्या ओसरीवर माणसं जमली. गेनबा वाईट माणूस नव्हता. सगळ्यांचं ऐकून घेऊन मग बोलणारा, म्हणून वाडी त्याला मानायची. त्यानं बाईंना विचारलं, लोक असं असं म्हणतायत, तुमचं काय म्हणणं? जाहिदाबाई उभ्या होत्या. अंगावर येऊन पडणारी पोरं सोडून जायच्या विचारानं त्यांचा जीव गोळा झाला होता, हे मला तिथं बसल्या बसल्या दिसत होतं.

"पोरांसंगं मलाबी काट्यावर बसवा," त्या म्हणाल्या. "दर म्हैन्याला. म्या तुमच्या लेकरांचं खात आसंन तर माजं वाढंल आन् त्यांचं घटंल. तवा मला हाकला."

सगळ्यांना हे एकदम पटलं. मलाही पटलं. ह्या तोडग्यात काय खोट आहे ते तिथं कुणालाच दिसलं नाही, आणि मी तर गणित शिकवत होतो.

गेनबाच्या घरी भाताची पोती जोखायचा मोठा तराजू होता. तो आढ्याला टांगला. बाई पारड्यात मांडी घालून बसल्या, साखळ्या करकरल्या. पदर नीट केला, डोळे खाली. दुसऱ्या पारड्यात एकेक वजन पडत गेलं आणि प्रत्येक वजनाबरोबर कुणीतरी खुदकन हसत होतं. एक्याण्णव किलो. वजनं काढली, पारडं खाली टेकलं, बाई दोन्ही हात टेकून उठल्या आणि पडवीत जाऊन पोरांना गाणं म्हणून दाखवू लागल्या.

त्या दिवसापासून त्यांनी खाणं तोडलं. वजन न वाढणं त्यांना पुरेसं वाटेना, संशयाला जागाच नको होती. सकाळी कोरा चहा, दुपारी काही नाही, रात्री अर्धी भाकरी. महिन्याच्या महिन्याला काटा लागत होता, दिवाळीनंतरही लागला. बाई चौऱ्याऐंशी भरल्या. आणि पोरं? झाडून सगळी वाढलेली, वैष्णवी तर किलोभर. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवणार होतो.

गेनबानं पारड्याकडे पाहिलं, मग नातीकडे पाहिलं.

"बगा," तो शांतपणे म्हणाला. "बाईनं खायाचं सोडलं, आन् पोरांच्या अंगाला लागलं."

माना डोलल्या. बोलायचं राहिलंच नव्हतं. मी चाचरत म्हणालो की नवं भात घरात आलंय, जुलाब थांबलेत, पोरं दर वर्षीच दिवाळीनंतर वाढतात. त्यावर गेनबा म्हणाला, गुरुजी, तुमी त्यांच्या संगतीनं येता-जाता, तुमी असं म्हननारच. चार माणसं गालात हसली. मला बायको होती, बदलीचा अर्ज टाकलेला होता. मी गप्प बसलो. माझ्या भित्रेपणाला दुसरं कारण नाही.

वाडीनं बाईंना हाकललं नाही. माफ केलं. हाकललं असतं तर त्या भांडू तरी शकल्या असत्या. माफीशी कसं भांडायचं? बायका आता त्यांच्याशी पूर्वीपेक्षा गोड बोलत, आणि महिन्याच्या महिन्याला पोरांच्या आधी बाईंचं वजन करायचा रिवाजच पडून गेला.

रफीक माझ्याकडे येऊन गेला. गुरुजी, तिला सांगा, सोड म्हणावं, बायको मरंल माजी, असं म्हणाला आणि दुकानाचं फडकं हातात पिळत राहिला. मी बाईंशी बोललो.

"आत्ता सोडलं तर चोर म्हनून जाईन," त्या म्हणाल्या. "आन् फिरून जाड झाले तरी चोरच."

मग काय करणार, विचारलं तर म्हणाल्या, असंच राहणार. आणि खरंच तशाच राहिल्या, आठ वर्षं. ईदला शीरखुर्मा वाडीभर वाटायच्या आणि स्वतः पाणी प्यायच्या. रमजान संपला तरी त्यांचे रोजे संपायचे नाहीत. केस गेले, दात हलायला लागले, ब्लाउज इतके ढिले झाले की पिना लावाव्या लागत. चढणीवर आता त्या पूर्वीपेक्षा जास्त वेळा बसत. दोनदा मी त्यांना तोंडावर पाणी मारून उठवलं. दोन्ही वेळा त्यांनी वाडीत सांगायचं नाही म्हणून बजावलं. मी हात जोडून सांगितलं, बाई, जेवा हो. तेव्हा त्या चिडल्या. बारा वर्षांत माझ्यावर चिडल्या त्या एवढ्याच.

दोन हजार तीनला भोरला सेविकांचं शिबिर होतं, मुख्याध्यापकांनाही बोलावलं होतं, आणि माझ्या शाळेचा मुख्याध्यापक मीच. पुण्याहून एक तरतरीत मॅडम आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर दोन गोल काढले, एक घर आणि एक काम, आणि दोन्हींचा समतोल कसा साधायचा ते दोन तास सांगितलं. मग सगळ्यांवरून नजर फिरवून त्यांनी जाहिदाबाईंना पुढं बोलावलं. बघा, म्हणाल्या, ह्या ताई रोज डोंगर चढतात, घरही सांभाळतात, आणि शरीर कसं सुटसुटीत ठेवलंय. नाहीतर आपण! बायका हसल्या, टाळ्या वाजल्या. ताई, तुमचं रहस्य काय, असं त्यांनी विचारलं. जाहिदाबाई म्हणाल्या, चढण. आणि टेबलाची कड घट्ट धरून उभ्या राहिल्या, कारण त्यांना घेरी आली होती.

पण त्यांचं मन खरं मोडलं ते त्याच्या दोनेक वर्षं आधी, पडवीत. दुपारची वेळ. वैष्णवी पाच वर्षांची झाली होती, नेहमीसारखी मांडीवर आडवी झाली, कूस बदलली, पुन्हा बदलली, आणि उठून बसली.

"बाई, तुमी टोचता," ती म्हणाली, आणि सतरंजीवर जाऊन झोपली. हळूहळू बाकीचीही सतरंजीवर झोपायला लागली. बाई भिंतीला पाठ लावून, पाय पसरून तशाच बसून राहत. मी त्या दिवसांत खिडकी लावून घ्यायचो.

दोन हजार सहामध्ये वाडीत दहावी झालेली एक सून आली आणि सेविका गावचीच हवी असा कागद आला. जाहिदाबाईंचा निरोप समारंभ झाला. गेनबा आता थकला होता, दोघांनी धरून त्याला उभं केलं. तो मनापासून बोलला. चूक कुणाच्या हातून होत नाही? पण बाईंनी सुधारून दाखवलं, अशी बाई तालुक्यात मिळायची नाही. रतननं साडी दिली, ओटी भरली, आणि रडली. जाहिदाबाईंनी मान खाली घालून सगळं घेतलं. त्या भरल्या लोकांत आता त्यांनी खरं काय ते सांगावं असं मला वाटत होतं. मी सांगावं असं का वाटलं नाही, ते मला विचारू नका.

आम्ही दोघं शेवटचं उतरत होतो. अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या.

"गुरुजी, म्या त्या लेकरांचं घासभरबी कंदी खाल्लं न्हाई. तुमाला तरी ठावं हाय न्हवं?"

मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण आठ वर्षं तेच तेच ऐकत, तेच वजन बघत, गप्प राहून राहून माझ्या आत काय झालं होतं कोण जाणे. मी 'हो' म्हणालो, पण ते यायला क्षणभर उशीर झाला.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पुढं होऊन उतरायला लागल्या.