पावडरला औषध म्हटलं तेव्हा

बोईसरच्या आमच्या जिममध्ये कुंभवलीहून एक जण येतो. दिवसभर कारखान्यात ट्रकवर ड्रम चढवलेले असतात, तरी व्यायामाआधी हात साबणाने दोनदा धुतो. मी वयाने कितीतरी लहान, पण मला "कॉलेजवाले" म्हणून अहोजाहो करतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

प्रोटीन आणि क्रिएटिन एकत्र असलेली पावडर मी पहिल्यांदा पाण्यात ढवळत होतो, तेव्हा त्याने विचारलं, "ह्यं काय हाय? आमी घेतलं तर चालंल का?"

त्याला द्यावी लागेल या भीतीने मी म्हणालो, "औषध आहे. अशक्तपणाचं."

तेव्हापासून माझ्या बारच्या जड प्लेटा तोच काढून ठेवायला लागला. पोरं हसली की दरडावायचा, "आजारी हायत ते. गप ऱ्हा."

काल त्याने माझ्यापुढे बाटली धरली. "बायकोनं नाचणीची आंबील दिलीय तुमाला. ताकद येते."

खरं सांगायचा धीर झाला नाही. मी म्हणालो, "निम्मी तुम्ही घ्या ना."

"नाय वो. आजारी मानसाचं आमी घेत नाय."

मी बाटली रिकामी करेपर्यंत तो समोर उभा होता.