पिस्तासाहेबांचं दुसरं विमान

गेल्या महिन्यात आमचे हे पुण्याहून आले, ते ओसरीवरच बसून राहिले. चहा निवून गेला तेव्हा म्हणाले, "पिस्तासाहेब गेले. त्यांच्याबरोबर छावणीत होते ते गृहस्थ भेटले. हिवाळ्यातच गेले म्हणे, आपल्याला आज कळतंय…"

इश्तवान हे त्यांचं खरं नाव. हंगेरीत घरचे त्यांना पिश्ता म्हणत. भोरात त्याचं पिस्ता झालं. बुडापेस्टच्या टेकड्यांवरून उडणारी, इंजिन नसलेली विमानं त्यांनी तरुणपणीच आखून बांधली होती. पुढे एका कंपनीनं छोटं विमान आखायला त्यांना मुंबईला बोलावलं, आणि ती कंपनीच बुडाली. आमचे हे भोर संस्थानात ओव्हरसियर. मुंबईत कुणाकडे तरी दोघांची ओळख झाली आणि यांनी त्यांना वेल्ह्याकडच्या डोंगरांचं वर्णन ऐकवलं. आमच्याकडे चार दिवसांसाठी आलेला पाहुणा मग दोन वर्षं राहिला.

मागच्या पडवीत विमानाचा लाकडी सांगाडा उभा राहिला. पंखांचं कापड शिवायचं काम माझ्याकडे आलं. मी घरातली झबली-परकर शिवणारी बाई. माझी पहिलीच शिवण त्यांनी उसवायला लावली. "वहिनी, वर टाका सुटला, तर मी खाली," एवढंच म्हणाले आणि हसले.

विंझरच्या पुढच्या माळावर गावकऱ्यांनी रबरी दोर ओढून साहेबांसकट विमान सोडलं. त्याला आवाजच नव्हता. डोंगराच्या कडेनं फेऱ्या घेऊन ते धोंडीबा नावाच्या शेतकऱ्याच्या नाचणीत उतरलं. बरंच पीक आडवं झालं. साहेब हात जोडून उभे राहिले. धोंडीबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वो. नाचनी फुडल्या साली बी यील. तुमी धड हाईसा न्हवं?" साहेबांना शब्द कळले नसतील, पण ते कितीतरी वेळ धोंडीबांचा हात सोडेनात.

मग दुसरं विमान सुरू झालं, दोघांना बसता येईल असं. "मागची जागा वहिनींची," त्यांनी यांना सांगून टाकलं. मी हसण्यावारी नेलं. पण नऊवारी नेसून त्यात कसं चढायचं, याचा विचार चुलीपाशी बसून करत असे.

कापड चढवायचं तेवढं राहिलं होतं, आणि लढाईत त्यांचा देश इंग्रजांविरुद्धच्या बाजूला गेला. फौजदार आले. ओळखीचेच होते. खाली बघत म्हणाले, "साहेब आता शत्रूकडचे ठरलेत. माझा इलाज नाही." साहेबांनी रंधा पुसून फळीवर ठेवला. जाताना मला म्हणाले, "कापड उंदरांपासून जपा."

शत्रुदेशाच्या लोकांना डांबायच्या छावणीत त्यांची वर्षं गेली. सुटल्यावर त्यांना परस्पर बोटीवर चढवलं. भेट झालीच नाही. तिकडे विमानं बांधायचा त्यांचा कारखाना बॉम्बखाली पडलेला. शेवटपर्यंत ते लोकांची दारं-खिडक्या दुरुस्त करत होते म्हणे. इकडे सांगाड्याला वाळवी लागली. कापड मी जपलं, पण कशासाठी… मलाही वर जायचं होतं, हे त्यांना एकदा सांगायला हवं होतं.

त्यांच्या खोलीच्या खिडकीबाहेर त्यांनी लोकरीचा एक धागा बांधला होता, उठल्याबरोबर वारा कुठला ते दिसावं म्हणून. ऊन-पावसानं तो कुजतो, मग मी दुसरा बांधते. परवा तांबडा बांधला. आज सकाळी तो पश्चिमेच्या वाऱ्यावर सरळ आडवा झाला होता. त्यांनी लगेच टोपी उचलून माळाची वाट धरली असती.