पडद्यावरचं माझं नाक

माझं नाक मोठं आहे. मधे उंचवटा, शेंडा खाली वाकलेला. वडिलांकडून आलंय, आणि मला त्याचा कधी त्रास झाला नव्हता. त्रास दिला तो वाशीच्या एका प्लास्टिक सर्जनने.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नेरूळला राहायचो. कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मला नोकरी लागली. त्यांनी नवीनच मशीन आणलं होतं. पेशंटचा चेहरा कॅमेऱ्याने बाजूने टिपायचा, पडद्यावर आणायचा, माऊसने नाक बारीक करायचं आणि जुनं-नवं शेजारी-शेजारी दाखवायचं. ऑपरेशननंतर कसे दिसू ते आधीच बघितलं की पेशंट समाधानी राहतो, असं डॉक्टरांचं म्हणणं.

पहिल्या दिवशी मशीन चालतंय का बघायला त्यांनी मलाच कॅमेऱ्यासमोर बसवलं. मग माझ्याच हाताने पडद्यावरचं माझं नाक माऊसने घासायला लावलं. "अजून. अजून थोडं. हं, बघ आता कशी दिसतेस!" म्हणजे आधी काय माकड दिसत होते?

बरं, झाली ना चाचणी, पुसून टाका की! छे. दुसऱ्या दिवसापासून पेशंट आला की आधी माझं चित्र. मी शेजारच्याच खुर्चीत. डॉक्टर पेनाने पडद्यावरचा माझा उंचवटा दाखवायचे, "हा दोष. आणि हा दुरुस्त केल्यावर." पेशंट पडदा बघायचे, मग वळून मला बघायचे. एका बाईने तर हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे फिरवलं. "तुम्ही का नाही करून घेत? घरचंच तर आहे." तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी डॉक्टरांना म्हटलं, माझा चेहरा काढा तिथून. ते हसले. "एवढं काय टेन्शन घेतेस? तुझं फुकट करून देतो. मग पेशंटला खरंखुरं दाखवता येईल." घरी सांगितलं तर आई म्हणते, "करतायत तर घे ना करून, लग्नाला बरं पडेल." बरं पडेल! तिच्याच नवऱ्याचं नाक होतं की ते! मी ताट सरकवून उठले.

नोकरी सोडली. जाताना मशीनवरचं माझं चित्र पुसलं, पण त्याची फ्लॉपी डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. तीही पुसा, म्हणून सांगितलं. "हो हो, पुसतो. जा तू," ते मान वर न करता म्हणाले.

काही महिन्यांनी आमच्या मजल्यावरच्या काकूंना मुलीचं नाक त्याच दवाखान्यात दाखवायचं होतं. "तू होतीस ना तिथे, चल बरोबर." मुलीचं नाक चांगलं धडधाकट होतं, पण मला कोण विचारतंय! मी गेले ते फक्त माझं चित्र गेलं का बघायला.

डॉक्टर आत ऑपरेशनमध्ये होते. बाहेरच्या बाकांवर पेशंट बसलेले. माझ्या खुर्चीत नवी मुलगी, नाजूक नाकाची. निवडूनच घेतली असणार. तिने फ्लॉपी घातली आणि पडद्यावर मी आले. आधीची आणि नंतरची.

"ह्या आमच्या जुन्या पेशंट," ती पाठ केल्यासारखं बोलली. "इथेच केलं. एकदम खूश आहेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खूश? नाकाला सुरी लागली नाही, मला कुणी विचारलं नाही, आणि मी खूश!

काकूंनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. परत पडद्याकडे.

"अगं बाई, ही तर तू! कधी केलंस? बोलली नाहीस ती!" मग माझं नाक निरखून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आणि मग हे... परत तसंच आलं का गं?"

काकूंच्या मुलीने घाबरून नाकावर हात ठेवला. नवी मुलगी तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिली. खरं काय ते सांगून टाकावं, असं मला क्षणभर वाटलं. क्षणभरच.

"हो ना काकू," बाकांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं. "सहा महिन्यांत परत वाढलं. आधीपेक्षा मोठं."