मास्तर आणि उसातली आत्या

मास्तर माणसाला तोंडावरून ओळखत नसत, चपलेवरून ओळखत. लिंबायतच्या आमच्या कामगार वस्तीतल्या गल्लीत समोरून कोणी आलं की त्यांची नजर आधी जमिनीवर जायची आणि मग ते "काय रे भाऊ, गुडघा दुखस का?" असं विचारायचे. दुखतच असायचा. "तोंड खोटं बोलस, पाय खोटा बोलत नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. एवढं वाक्य धरून मी त्या माणसावर चार वर्षं विश्वास टाकला.

कडोदऱ्याच्या ज्या कापड कारखान्यात मी लूम, म्हणजे विजेवरचे माग, चालवायचो, तिथे ते मास्तर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. आठवड्यातून एकदा वीज बंद असायची, तीच आमची सुट्टी. बाकीचे त्या दिवशी झोपा काढत. मास्तर मात्र उजाडताच सायकल काढून कारखान्यामागच्या उसात बिबट्याची मादी बघायला जात. प्लेगच्या भीतीने गावी पळालेले आम्ही सगळे साथ ओसरल्यावर परतलो, त्या हिवाळ्यापासून मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो.

मादीला ते बिबट्या म्हणत नसत, आत्या म्हणत. "आत्या घरात दिसत नही, पन तिचं समद्यांवर ध्यान ऱ्हास," असं त्यांचं म्हणणं. तिच्या मागच्या डाव्या पंजाचं बाहेरचं बोट तुटलेलं होतं, त्यामुळे तिचा ठसा शंभरात ओळखू यायचा. चार वर्षांत मी तिला सगळी मिळून सात वेळा पाहिली असेल, तीही बहुतेक पाठमोरी.

ठसा घ्यायची त्यांची पद्धत विणकराची होती. फोटोच्या जुन्या फ्रेमची काच ठशावर धरायची, वरून पेनाने कड गिरवायची, मग त्या काचेवर लूमवरचं पातळ कोरं कापड पसरून तीच रेघ कापडावर उतरवायची. कापडावर बांधाची खूण, पाटाची खूण आणि कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव. काच ते मला धुवायला देत, गिरवायला कधीच देत नसत. "हात हालस तुन्हा. अजून टाइम शे," म्हणत. मी आपला उमेदवारी करत राहिलो.

एका तोडणीत मजुरांना उसात तिची दोन पिल्लं सापडली. लोक काठ्या घेऊन धावले. मास्तरांनी हात जोडून सगळ्यांना मागे सारलं, पिल्लं टोपलीत घालून जागच्या जागी ठेवली आणि आम्ही दोघं पंपाच्या खोलीवर चढून बसलो. "आई शे ती. त्याच बांधवरथून ई," ते म्हणाले. दिवस मावळायच्या आत ती आली, त्याच बांधावरून, आणि एकेक करून पिल्लं उचलून घेऊन गेली. मास्तर रडत होते. मीही रडलो, लपवत कशाला.

पुढच्या खेपेला तिला पुन्हा पिल्लं झाली आणि त्याच सुमारास तिने तोडणीवाल्यांच्या खोपीतून बकरी नेली. बकरीपासून दोन हातांवर एक तान्हं मूल झोपलेलं होतं. त्या आठवड्यात मास्तर माझ्याशी फारसं बोलले नाहीत. सुट्टीच्या सकाळी मात्र त्यांनी काच माझ्या हातात दिली. "आज तू काढ."

मी काच ठशावर धरून सावकाश कड गिरवली. ठसा झकास उतरला. बांध काढला, पाट काढला, कोपऱ्यात माझं नाव घातलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, मी आता पास झालो.

दोन दिवसांनी दुपारी कारखान्यात गुजरातीत हाकाटी झाली, दीपडो पकड्यो, बिबट्या धरला! सगळे लूम सोडून पळाले. मी काढलेल्या त्याच बांधावर पिंजरा होता. मागच्या खणात पिल्लं आणि पुढच्या खणात ती. पिल्लांसाठी ती येणार आणि कुठून येणार, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. शेजारी जंगल खात्याचा साहेब उभा होता आणि त्याच्या हातात माझं कापड होतं. कोपऱ्यातलं माझं नाव खोडून तिथे मास्तरांचं नाव घातलेलं होतं.

मी मास्तरांची कॉलर धरली. "मला विचारलं का नाही?"

"तुले इचारतू तं तू नही म्हनता," ते माझ्या चपलांकडे बघत म्हणाले. "मंग मन्हा हातथून व्हतंच नही."

त्या तान्ह्या मुलाचं मला कळत होतं, अगदीच दगड नव्हतो मी. पण माझ्याच हाताने तिची वाट काढून घेतली आणि वर नावही चोरलं, हे काही केल्या गिळवेना. आत्याला पिल्लांसह लांबच्या जंगलात सोडलं म्हणतात, आम्ही कोणी पाहिलं नाही. मी उधन्याला दुसरा कारखाना धरला. मास्तर रस्त्यात दिसले की मी वळून जायचो. चपलेवरून त्यांनी मला ओळखलं असणारच, पण हाक कधी मारली नाही.

दोन वर्षांनी ते गेले. तेराव्यानंतर त्यांची बायको, आमच्या काकू, स्वतः उधन्याला आल्या आणि कापडांचं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. सगळ्यांत वर माझं कापड होतं. साहेबाच्या कचेरीत हेलपाटे घालून मास्तरांनी ते परत आणलं होतं म्हणे.

मी खोडलेल्या नावावर बोट ठेवलं. "काकू, हे का केलं त्यांनी?"

"मी बी इचारं," काकू म्हणाल्या. "तं म्हने, पाप मन्हं शे, नाव बी मन्हंच पाहिजे. त्या पोऱ्याचं नको."

मी ते कापड उचलून घेतलं. खूप रडू आलं आणि रागही आला. कारण तेसुद्धा त्यांनी मला न विचारताच केलं होतं.