चिमणीनं सिनेमा काढला

आमच्या बँडच्या गायिकेला सगळे चिमणी म्हणायचे. ते ऐकून लोकांना वाटायचं, नाजूक, किलबिलणारं काहीतरी असेल. एकदा तर पोस्टर छापणाऱ्यानं तिच्या नावाशेजारी चोच उघडलेलं पाखरू काढलं होतं. पण ही चिमणी पाखरातली नव्हे, कारखान्यावरची. आवाज खरखरीत, धुरकट, आणि एकदा सुरू झाला की सगळ्या गल्लीला कळायचं. नाव तिच्या वडिलांनीच पाडलेलं. त्यांची लॉन्ड्री होती आणि लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत आमची तालीम चालायची. बाहेर वाफेची इस्त्री फुसफुसायची, आत मी ड्रम बडवायचो. मी बोलण्यात पहिल्यापासून कच्चा. माझ्या वाट्याचं चिमणीच बोलायची.

तिचं एक गाणं चाललं, आणि असं चाललं की पुढची कित्येक वर्षं आम्हीच त्याच्या मागं चालत राहिलो. कॉलेजं, हॉटेलं, दुकानांची उद्घाटनं. कुठंही गेलो तरी दुसऱ्या गाण्यापासून लोक ओरडायला लागायचे, "ते म्हणा, ते!" चिमणी म्हणायची. हसतमुखानं म्हणायची. परतीच्या गाडीत मात्र काचेला डोकं टेकून बसायची.

ठिणगी पडली ती एका गाण्याच्या व्हिडिओच्या वेळी. दिग्दर्शकानं तिला पांढरा झगा घालून टेकडीवर उभं केलं आणि समोर मोठा पंखा लावला.

चिमणीनं विचारलं, "ही बाई इथं कशाला आलीय?"

"कोण बाई?"

"मी. घरदार सोडून टेकडीवर काय करतेय?"

"तू डोकं नको चालवूस," दिग्दर्शक म्हणाला. "नुसती छान दिस."

चिमणी ऊन उतरेपर्यंत छान दिसली. खाली येताना मला म्हणाली, "पुढचा मी करणार." आणि खरंच केला. लॉन्ड्रीतच केला. वडील इस्त्री करतायत, आई तुटलेली बटणं लावतेय, गिऱ्हाइकं पावती शोधत खिसे चाचपतायत. गाणं यथातथाच होतं, पण लोक तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचे. त्यातले तिचे वडील तर भाजीबाजारात ओळखले जायला लागले. वरवर कुरकुरायचे, पण तेव्हापासून रोज दाढी करायचे.

मग एक दिवस तालमीत तिनं सांगून टाकलं, "मला सिनेमा काढायचाय."

गिटारवाला खो खो हसला. "काढ की! सिनेमा काढ, चित्र काढ, दात काढ!"

"दात तू काढतोयस," चिमणी म्हणाली. "मी सिनेमा काढणार."

नुसतं म्हणून थांबणाऱ्यातली ती नव्हतीच. सिनेमाच्या धंद्यात नाव असलेल्या एक एडिटर होत्या. वयानं मोठ्या, जिभेला धार. सगळे त्यांना बाई म्हणत. चिमणी थेट त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, मला शिकवा."

"शिकवायला वेळ नाही मला."

"मग नुसतं बसू द्या."

"बसायचं असेल तर तोंड बंद ठेवून."

चिमणी आणि तोंड बंद! आम्हाला वाटलं, आठवड्यात परत येईल. पण कार्यक्रम नसेल तेव्हा ती बाईंच्या अंधाऱ्या खोलीत एका लोखंडी स्टुलावर जाऊन बसायची. अशी दोन वर्षं बसली. सुरुवातीला बाई तिच्याकडे बघतही नसत. पुढं पुढं शॉट जोडून झाला की मान न वळवता विचारायला लागल्या, "काय गं, जमलं का?"

पहिल्या सिनेमाला निर्माता लगेच मिळाला, कारण त्याला सिनेमा नको होता, गाणी हवी होती. चिमणीनं कबूल केलं. "आधी पाय तर शिरू दे," म्हणाली. सिनेमा आला आणि दणकून आपटला. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, गाणी बरी आहेत, मधला सिनेमा कापला असता तर संध्याकाळ सुखात गेली असती. तिची आई सिनेमा बघून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "छान आहे गं. पण मला नुसती धाप लागली."

दुसरी कोणी असती तर आठ दिवस उशीत तोंड खुपसून पडली असती. चिमणी तो सिनेमा घेऊन बाईंकडे गेली. मलाही बरोबर नेलं, धीराला. बाईंनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तुला थांबायची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "स्टेजवर दोन क्षण शांतता झाली की लोक उठून जातील, हे तुझ्या हाडात मुरलंय. म्हणून तू कोणाला उभंच राहू देत नाहीस. माणसाच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं की तू कापून पुढं पळतेस."

चिमणीचा चेहरा लालबुंद झाला. "मग आता काय करू?"

"आता काय? दुसरा काढ."

दुसऱ्या सिनेमाची गोष्ट तिनं स्वतःच लिहिली. एका लॉन्ड्रीवाल्याचं दुकान बंद होतंय. लोकांनी न नेलेले कपडे उरलेत, आणि तो ते एकेकाच्या घरी पोचवायला निघतो. बस्स. गाणं एकही नाही. तिनं निर्मात्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे पहिला प्रश्न तोच, गाणी किती? एकानं तर तोंडावर विचारलं, "तू गाणार नसशील तर तुझ्या सिनेमाला कुत्रं तरी येईल का?"

"मग कुत्र्यांसाठी काढते," म्हणाली आणि उठली.

त्यानंतर तिनं मिळेल तिथं गायचा सपाटा लावला. नको झालेलं ते गाणं तिनं जत्रेतल्या पाळण्यासारखं गरागरा फिरवलं आणि येईल ते सगळं सिनेमात ओतलं. एक नावाजलेला नटही तयार झाला. पण शूटिंग सुरू झाल्यावर दोनच दिवसांत त्याचं डोकं फिरलं. "या माणसाला बोलायला काही नाही. मी काय कपड्यांची खुंटी आहे का?" म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला.

सगळे लोक लॉन्ड्रीत हात बांधून उभे. चिमणीनं आजूबाजूला पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली.

"तू कर."

"मी? अगं, मला बोलता येत नाही."

"तेच तर हवंय."

तिच्या वडिलांनी मला इस्त्री धरायला शिकवली. दोन कॉलर जाळल्यावर हात बसला. पण खरं संकट पुढं होतं. मी एका बाईच्या दारात तिच्या गेलेल्या नवऱ्याचा कोट घेऊन उभा आहे. ती दार उघडते, आणि दोघंही काही बोलत नाहीत. पहिला टेक फसला, दुसरा फसला, पुढचेही. चिमणी कॅमेऱ्यामागून उठून माझ्याजवळ आली.

"काय करतोयस मनातल्या मनात?"

"मोजतोय," मी खरं ते सांगितलं. "चार मात्रा झाल्या की खाली बघायचं, आठ झाल्या की कोट द्यायचा."

ती हसली नाही. "मलाही तीच खोड होती," म्हणाली. "मोजू नकोस. ती घेईल तेव्हा घेईल. नाही घेतला तर उभा राहा."

मी उभा राहिलो. समोरच्या नटीनं हात पुढं केला, मागं घेतला, मग कोटाच्या बाहीला नुसतं बोट लावलं. माझ्या मात्रा केव्हा सुटल्या, मला कळलंच नाही. चिमणीनं "कट" म्हटलंच नाही. कॅमेरामन वळून वळून तिच्याकडे बघत होता.

पहिल्या खेळाला थिएटर भरलं, पण गर्दी गायिकेसाठी आलेली. दिवे जायच्या आधी ओरडा सुरू झाला, "गाणं! गाणं!" चिमणी पडद्यासमोर गेली. माईक घेतलाच नाही. तिच्या आवाजाला तो कधी लागलाय?

"आज गाणं नाही," ती म्हणाली. "ज्यांना गाणंच हवंय त्यांनी खुशाल जा, मला राग नाही. बाकीच्यांनी बसा."

बरेच उठले. खुर्च्या खटाखट मिटल्या. बाकीच्यांतले काही खोकले, मागून कोणी शिटी मारली. पण दाराचा प्रसंग आला आणि शिटीवालाही गप्प झाला. माझ्या शेजारी बसलेल्या तिच्या आईनं पदर तोंडाशी धरला होता. वडील ताठ बसून होते, हात मात्र मांडीवर पुढं-मागं फिरत होता.

सिनेमानं काही डोंगर उलथले नाहीत. आमच्याकडे काही आठवडे चालला, मग दुसऱ्या गावांतून मागणी आली. पण तिसऱ्या सिनेमाचा निर्माता आपल्या पायानं लॉन्ड्रीत आला, आणि गाणी किती हे त्यानं विचारलं नाही.

मी नव्या सिनेमात माझ्यासाठी काय आहे, म्हणून विचारायला गेलो. आता चार लोक मला ओळखतात, थोडी हवाही डोक्यात गेलेली. चिमणी शूटिंगची जागा बघायला निघाली होती, बुटाची नाडी बांधत होती.

"तुला नाही घेत," म्हणाली. "परवा एका समारंभात फोटोवाल्यासमोर हनुवटी वर करून उभा होतास. तू आता नट झालास."

नाडी घट्ट बांधून ती जिना उतरून गेलीसुद्धा.