ओढवाली कॅसेट

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी बदलापूरच्या एका साप्ताहिकात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचे. नव्वदीची सुरुवात होती. अंबरनाथमधल्या आमच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये मुली भरतकाम करायच्या, टायपिंगच्या क्लासला जायच्या, फार तर बॅडमिंटन खेळायच्या. मी जॉयस्टिक हातात धरून विमानं पाडायचे.

सगळा दोष फॅक्टरीच्या क्लबातल्या हाऊजीचा. गणेशोत्सवात बाबांना फुल हाऊस लागलं. आईचा डोळा मिक्सरवर होता, पण तो आधीच्या फेरीत कुणीतरी नेला होता. बाबांच्या हातात आला टीव्हीला जोडायचा गेम. आई दोन दिवस त्या खोक्याशी बोलली नाही. बाबांनी मात्र पहिल्याच संध्याकाळी टीव्हीच्या मागे डोकं घालून वायर जोडली, चॅनेल जुळवलं, आणि पडद्यावर एक लाल गाडी सुरू झाली. ती गाडी मी जेवायची वेळ होईपर्यंत सोडली नाही.

साप्ताहिकाचे संपादक म्हणजे बदलापूरचे एक काका. घरची भातशेती, स्वतःचा छापखाना. एरवी लग्नपत्रिका छापायचे, शनिवारी पेपर काढायचे. बाबांच्या ऑफिसातल्या एका साहेबांच्या निरोप समारंभाची कार्डं छापायला टाकली होती, ती आणायला मी गेले, तर काका डोक्याला हात लावून बसलेले. त्यांच्याकडे सिनेमाची परीक्षणं लिहिणाऱ्या मास्तरांची बदली झाली होती आणि अर्धं पान रिकामं होतं.

"मी लिहू का?" मी विचारलं.

"सिनेमे बघतेस का गो बाय तू?"

"नाही काका. व्हिडिओ गेमवर लिहीन."

काकांनी चष्मा काढला. "त्यात लिहिण्यासारखं काय हाय? पोरं बटणं दाबतात नि आरडतात."

म्हणून पुढच्या रविवारी मी गेमचं खोकंच छापखान्यात नेलं. काकांच्या घरून टीव्ही आला, शाईच्या डब्यांवर ठेवला. मी फुटबॉलची कॅसेट लावली. पहिले तीन गोल काकांनी स्वतःवरच मारून घेतले. चौथा समोरच्या जाळीत गेला तेव्हा ते स्टुलावरून उठले आणि आतल्या कंपोझिटरला ओरडून म्हणाले, "अरे, गेला! आपला गेला!" मग खाली बसून, जरा सावरून मला म्हणाले, "अर्धं पान तुझं. पण जे वाटंल तेच लिही. उगाच गोडगोड नको."

कॅसेटी मिळायच्या उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बाजारात. एका बाजूला जीन्स शिवणाऱ्या मशिनींची घरघर, दुसऱ्या बाजूला फरसाणवाला, आणि मधल्या अरुंद दुकानात एक सिंधी शेठ. काउंटरमागे पिवळ्या-काळ्या कॅसेटींची भिंत. माझं फुटबॉलवरचं परीक्षण त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. मी दुकानात पाय ठेवताच त्यांनी पापड आणि थंड पाणी पुढे केलं आणि म्हणाले, "बेटा, तुमने अच्छा लिखा, सात पीस गया. अब जो नया माल येईल ना, पहले तुम ले जाओ. खेलो, लिखो, वापस करो."

त्या दिवसापासून आमच्या घराची प्रयोगशाळा झाली. मोटारींच्या शर्यती, मारामारीचे गेम, विटा रचायचे गेम, भुलभुलैये, सगळं यायचं. रणगाड्यांचा गेम आला तेव्हा बाबांनी खुर्ची पुढे ओढली. ते तोफगोळ्यांच्याच विभागात अधिकारी. दहा मिनिटं गंभीरपणे खेळले आणि म्हणाले, "लिही. गोळा सुटल्यावर रणगाडा मागे हटत नाही, ही गोष्ट आम्हाला मान्य नाही."

"आम्हाला म्हणजे कुणाला, बाबा?"

"वाचकांना," बाबा म्हणाले आणि पुन्हा खेळायला लागले.

आई बटणाला हात लावायची नाही, पण स्वयंपाकघरातून ऐकायची. "ह्याचं संगीत बंद कर, डोकं उठलं," ती म्हणाली की मी लिहायचे, "संगीत कर्कश आहे." एका भुलभुलैयाची धून तिनं पोळ्या लाटताना गुणगुणली, तेव्हा मी संगीताला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

मग आला नदीचा गेम.

हा खरं तर जुना. शाळेत असताना तो मी क्वार्टर्समधल्या मैत्रिणीकडे खेळले होते. तिच्या वडिलांनी मस्कतहून आणला होता. दोनच रंग, निळा आणि पांढरा. एक होडी, खडक, आणि खाली खाली जाणारं पाणी. आता तोच नव्यानं आला होता. चकचकीत खोकं, काठावर हिरवी झाडं, उडणारे पक्षी, खडकांवर शेवाळ, पार्श्वसंगीत. शेठनी दुकानासमोर रंगीत पोस्टर लावलं होतं आणि एकदम शंभर पीस मागवले होते.

मी आनंदानं घरी नेला, लावला, आणि अर्ध्या तासात खट्टू झाले. बराच वेळ कळेना, चुकतंय काय. शेवटी बटणावरून बोट काढलं. होडी जागच्या जागी थांबली. जुन्या गेममध्ये होडी कधीच थांबायची नाही. तुम्ही काही केलं नाहीत तरी पाणी तुम्हाला न्यायचं. मी लिहिलं, "नदीला रंग आले, पण ओढ गेली."

शनिवारी पेपर निघाला. रविवारी सकाळी शेठ आमच्या दारात. स्कूटरवरून कॅम्प चारहून अंबरनाथला आलेले, हातात पेपर. आईनं घाबरून चहा टाकला.

"बेटा, ये ओढ क्या चीज है?" ते म्हणाले. "कस्टमर आते है, खोका बघते है, बोलते है, इसमें ओढ नही है. अडे, मेरे को मालूम तो होना, मेरे माल में क्या नही है!"

मी हिंदीत शब्द शोधला. "खिंचाव" म्हटलं, ते काही जमेना. "बहाव" म्हटलं, तेही पुरेना. बाबा म्हणाले, "दाखव ना त्यांना. जुनी कॅसेट कुठे मिळेल?"

शेठ थोडे लाजले. "पुराना तो माळ्यावर पडलाय. कोई लेता नही."

आम्ही तिघं दुकानात गेलो, बाबा आणि मी रिक्षानं, शेठ पुढे स्कूटरवर. शेठ स्वतः शिडीवर चढले आणि धुळीनं भरलेलं खोकं खाली आणलं. मी कॅसेटीत फुंकर मारली, लावली, जॉयस्टिक शेठच्या हातात दिली. "आता काही दाबू नका," म्हटलं.

होडी आपोआप निघाली. शेठ बघत राहिले. एक खडक आला, होडी फुटली. दुसरी निघाली. "अडे, अडे, ये रुकती नही!" असं म्हणत त्यांनी बटण दाबलं, होडी वळली, खडकाच्या कडेनं निसटली, आणि शेठ तिच्याबरोबर आख्खे डावीकडे कलले. दारात जीन्सच्या कारखान्यातले कारागीर जमले. फरसाणवाला झारा हातात घेऊनच आला. मग मी नवा गेम लावला. शेठनी हात वर केले. होडी थांबली. पक्षी उडत राहिले, संगीत वाजत राहिलं, होडी तिथंच.

शेठ मोठ्यांदा हसले. "ये नदी नही है, साईं. ये तो टाकी है!"

मला वाटलं, आता पोस्टर उतरवतील. त्यांनी उलटं केलं. दुसऱ्या दिवशी माळा रिकामा झाला आणि काउंटरवर दोन ढीग लागले. नव्याच्या वर पाटी, "रंगवाली." जुन्याच्या वर, मराठीत विचारून विचारून लिहिलेली, "ओढवाली." लोक दोन्ही घेऊन जायला लागले, घरी नेऊन ताडून बघायला. पुढच्या खेपेला मी गेले, तर एक सिंधी आजोबा नातीला घेऊन आले होते आणि शेठना विचारत होते, "ओढवाली है क्या?" मला इतकं हसू आलं की पापड घशात अडकला.

बदलापूरला काकांना हे सगळं सांगितलं. ते खिडकीतून उल्हास नदीच्या बाजूला बघत म्हणाले, "आमच्याकडच्या पोरांना हे सांगावं लागत न्हाय. पाण्यात उतरलं की कळतं." मग खुर्ची पुढे घेऊन विचारलं, "पुढच्या शनिवारी काय हाय?"

"मारामारीचा, काका. सोळा पैलवान आहेत. अजून चौथ्यापाशीच मार खातेय."

"मग आण हितं," काका म्हणाले आणि कंपोझिटरला घरून टीव्ही आणायला सांगितलं.